ताप अंगावर काढू नका. टोळी निघायच्या आधी वस्तीवर बसून ठरवा

(संपादकीय)



दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. मुकादमाच्या उचली बहुतेकांनी उचलल्यात. कोयत्याला धार लावायचं चाललंय. दिवाळी उरकली की ट्रक आणि ट्रॅक्टर वस्तीपाशी उभे राहतील आणि अर्धी वस्ती रिकामी होईल. 2009 साली त्यातच 13 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. पुढारी रोज टेम्पो पाठवून माणसं सभेला न्यायचे.

दरवर्षी या दिवसांत आपण या पानावर गायरानाच्या पंचनाम्याचं आणि वनहक्काच्या दाव्याचं लिहितो. या वेळी तापाचं लिहितोय. दोन-तीन कार्यकर्त्यांनी विचारलं, आपलं पत्रक जमिनीचं, त्यात ही डॉक्टरकी कशाला? त्याचं उत्तर पुढं येतंय. आधी ताप समजून घेऊ. ज्याला वाचता येतं त्यानं हे पान रात्री वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावं. बायांना मुद्दाम बोलवावं, कारण आजाऱ्याची उस्तवार त्यांच्याच गळ्यात पडते.

हा ताप कुठला?

रेडिओवर, पेपरात ज्याला स्वाइन फ्लू म्हणतात तो हा ताप. 2009 साली एप्रिल महिन्यात तो मेक्सिको नावाच्या देशात आणि अमेरिकेत दिसला. 11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की ही सगळ्या जगाची साथ झाली. आपल्या देशात पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला. तो विमानानं आलेला होता. 3 ऑगस्टला पुण्यात एक 14 वर्षांची शाळकरी मुलगी यात गेली. देशातला तो पहिला मृत्यू. मग पुण्या-मुंबईत शाळा बंद, सिनेमा बंद, आणि तोंडाला बांधायच्या मास्कचा काळाबाजार.

तेव्हा आपल्याकडं लोक म्हणत होते, हा विमानात बसणाऱ्यांचा आजार, आपल्याला काय करतो? हे खरं नाही. विमानानं आजार पुण्यापर्यंत आला असेल, पुण्याहून बीडला यायला त्याला एसटी पुरते. आपली माणसं पुण्यात बांधकामावर आहेत. आता टोळ्या जातील त्या पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर अशाच जिल्ह्यांत. एका ट्रकमध्ये पंधरा-वीस माणसं, लेकरं, भांडीकुंडी रात्रभर एकमेकाला चिकटून बसतात. एकाला खोकला असला तर उतरेपर्यंत तो चौघांना होतो.

जुन्या माणसांना विचारा. त्यांच्या आई-बापांनी मानमोडीची गोष्ट सांगितलेली असेल. ती मानमोडी म्हणजे 1918 सालचा फ्लूच. पहिलं महायुद्ध चालू होतं. जून महिन्यात तो मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट हलकी गेली. लोकांना वाटलं संपलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो परत आला आणि गावंच्या गावं आडवी झाली. त्या साली पाऊसही गेला होता, पोटात अन्न नव्हतं. आपल्या देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं मेली असं जाणकार सांगतात. त्यात धडधाकट, कमावती, तरणी माणसं फार गेली.

आजचा ताप तेवढा भयंकर नाही. लागण झालेली बहुतेक माणसं चार-सात दिवसांत आपोआप बरी होतात. पण एक गोष्ट तेव्हाच्यासारखीच आहे. हा ताप तरण्या माणसालाही आडवा करतो, आणि उपाशी, थकलेल्या अंगाला जास्त पकडतो. 2009 सालीही पावसानं ओढ दिली होती हे ध्यानात ठेवा.

ओळखायचा कसा?

एकदम ताप चढतो. अंग मोडून येतं, डोकं दुखतं, थंडी वाजते. घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, नाक गळतं. फार थकवा येतो. काहींना, लेकरांना जास्त, उलटी आणि जुलाब होतात. लागण झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत, कधी सात दिवसांपर्यंत, ताप दिसतो.

प्रत्येक ताप म्हणजे हा ताप नव्हे. थंडी वाजून ताप येतो, घाम येऊन उतरतो, परत येतो, तर हिवताप असू शकतो. त्याचं रक्त तपासायला लागतं. नर्सबाईकडून काचेवर रक्ताचा थेंब द्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, तीही फुकट होते. हिवताप आणि टीबीला वेगळं औषध आहे, म्हणून अंदाजानं बसू नका.

या तापाच्या तीन पायऱ्या डोक्यात ठेवा.

पहिली पायरी. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी आहे, पण माणूस बोलतो, पाणी पितो, उठून बसतो. याला तपासणीही नको आणि टॅमिफ्लूची गोळीही नको. घरी आराम, आणि दोन दिवस बारीक लक्ष.

दुसरी पायरी. ताप फार आहे, घसा फार दुखतो. किंवा ताप साधाच आहे, पण आजारी माणूस नाजूक आहे. नाजूक म्हणजे गरोदर बाई, पाच वर्षांच्या आतलं लेकरू, म्हातारं माणूस, आणि ज्याला दमा, साखर, हृदयाचा, किडनीचा आजार, टीबी किंवा एचआयव्ही आहे तो. यांनी वाट बघायची नाही. त्याच दिवशी सरकारी डॉक्टरला दाखवायचं.

तिसरी पायरी. दम लागतो, एक वाक्य एका श्वासात बोलता येत नाही. छातीत दुखतं. थुंकीत रक्त येतं. ओठ किंवा नखं निळी पडतात. माणूस बरळतो, झोपेतून उठत नाही. किंवा ताप उतरून बरं वाटलं आणि दोन दिवसांनी ताप-खोकला दुप्पट जोरानं परत आला. हे फुप्फुसात उतरल्याचं लक्षण. इथं एक तासही घालवायचा नाही. रात्र असो, पाऊस असो, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं.

लेकराला सांगता येत नाही, म्हणून त्याचा श्वास मोजा. लेकरू शांत असताना पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोबाइलमधल्या घड्याळावर पुरतं एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याला न्युमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडतो, लेकरू अंगावर पीत नाही, झटका येतो, मलूल पडतं, तर मोजत बसू नका, घेऊन निघा. प्रत्येक वस्तीवर एका पोरीला तरी हे मोजणं शिकवून ठेवा. आठवी-नववीतल्या पोरी एका दिवसात शिकतात.

घरी काय करायचं?

पहिलं औषध पडून राहणं. दुसरं पाणी. पेज, ज्वारीची आंबील, डाळीचं पाणी, सरबत, जे जाईल ते घोट घोट पाजत राहायचं. उलटी-जुलाब असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून ते पाजायचं. चमचा चहाचा धरायचा. अंगावर पिणाऱ्या लेकराचं दूध तोडायचं नाही. आई आजारी असली तरी पाजावं, फक्त तोंडा-नाकाला पदर बांधून आणि हात धुऊन.

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसातून जास्तीत जास्त चार. लेकराला किती द्यायची ते वजनावर असतं, ते नर्सबाईला विचारूनच. लेकराला अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका, या तापात ती जिवावर बेतते. ताप चढला तर साध्या पाण्याच्या फडक्यानं अंग पुसा. गोधडीवर गोधडी घालू नका. चुलीचा धूर आजाऱ्याच्या अंगावर जाऊ देऊ नका.

तुळस, अडुळसा, सुंठ, गवती चहा यांचा काढा जरूर घ्या, घशाला बरं वाटतं. पण काढ्यानं हा ताप मरत नाही. कापूर-वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधली म्हणून लागण टळत नाही. कुणाला भगताकडं जायचं असेल तर त्याला आम्ही अडवत नाही. अंगारा लावा आणि त्याच पावली दवाखान्याचा रस्ता धरा. आपल्या भगतांनाही विनंती आहे, की दम लागलेला माणूस समोर आला तर त्यांनीच सांगावं, आधी दवाखाना.

आता सुई आणि सलाईन. आपल्या माणसाला वाटतं, सलाईन लावलं म्हणजे इलाज झाला. तोंडानं पाणी पिता येतं त्याला सलाईनची गरज नाही. आणि हा ताप विषाणूचा आहे, त्यावर अँटिबायोटिकची सुई चालत नाही. फुप्फुसात दुसरे जंतू शिरले तर ते औषध लागतं, पण ते डॉक्टरनं छाती तपासून ठरवायचं. उचलीतले पैसे सलाईनवाल्याकडं घालून तिसऱ्या पायरीला पोचलेली माणसं आपण पाहिलीत. पैसे जातात त्यापेक्षा दोन-तीन दिवस जातात, हे जास्त वाईट.

कारण या तापावर जी गोळी आहे, टॅमिफ्लू, तिचं काम वेळेवर आहे. विषाणू एका पेशीत वाढतो आणि बाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरतो. ही गोळी त्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत ती चालू झाली तर जास्त उपयोग होतो. उशीर झाला असला तरी तिसऱ्या पायरीच्या माणसाला डॉक्टर ती देतातच. मोठ्या माणसाला 75 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. लेकराला वजनाप्रमाणे. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आपल्या मनानं घ्यायची नाही आणि डॉक्टरनं दिली तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. जिल्ह्यात बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा दवाखाना आहे. तिसऱ्या पायरीचा माणूस गावातल्या दवाखान्यात अडकवून ठेवायचा नाही, तिथं न्यायचा. 2009 साली ही साथ आली तेव्हा या तापाची लस आपल्याकडं आलेली नव्हती.

दुसऱ्याला होऊ नये म्हणून

खोकताना, शिंकताना तोंडातून बारीक थेंब उडतात. ते तीन-चार हातांवर बसलेल्याच्या नाका-तोंडात जातात, नाहीतर हाताला, भांड्याला लागतात आणि तोच हात आपण डोळ्या-नाकाला लावतो. ताप यायच्या एक दिवस आधीपासून पुढं सात दिवस माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो.

म्हणून खोकताना पदर, उपरणं नाहीतर कोपर आडवं धरा. आजाऱ्यानं आणि त्याची सेवा करणारानं तोंड-नाक फडक्यानं बांधावं. विकतचा मास्क नसला म्हणून अडत नाही. फडकं रोज उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. हात साबणानं धुवा, साबण नसेल तर चुलीतली राख चालते. पाण्याची टंचाई आम्हाला माहीत आहे, पण जेवायच्या आधी आणि आजाऱ्याला हात लावल्यावर एक तांब्या पाणी हातावर घालाच.

आपल्या काही सवयी सात दिवस बाजूला ठेवायला लागतील. एकच बिडी चौघांत फिरते, एकच चिलीम, एकाच तांब्याला तोंड लावून पाणी. तंबाखू मळून दुसऱ्याच्या हातावर देतो. जिथं बसलो तिथं थुंकतो. हे सगळं या तापाला वाट करून देणारं आहे. कोपीत जागा नसते हे खरं, तरी आजाऱ्याला दाराजवळ हवेशीर झोपवा, इतरांची डोकी त्याच्या पायाकडं करा. कोपीत वारा खेळू द्या. त्याची सेवा एकानंच करावी, आणि ती गरोदर बाई नसावी.

ज्याला ताप-खोकला आहे त्यानं बाजाराला, लग्नाला, पुढाऱ्याच्या सभेच्या टेम्पोत जाऊ नये. आणि हे आपल्यालाही लागू. संघटनेच्या बैठकीला आजारी माणसानं येऊ नये. हजेरी लागली नाही म्हणून कुणी त्याला बोल लावणार नाही. त्याचा निरोप, त्याचा अंगठा, त्याचं मत घरी जाऊन घ्यायचं, तेही ताप उतरल्यावर.

वस्तीवर शिक्का मारू देऊ नका

हा ताप डुकराचं मटण खाल्ल्यानं होत नाही, कोंबडीनं होत नाही. या विषाणूची जुळणी डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या जुन्या विषाणूंतून झालेली आहे, म्हणून नाव तसं पडलं. आता तो माणसाकडून माणसाला होतो. तेव्हा गावातल्या कुणी, तुमची डुकरं हाकला नाहीतर वस्ती उठवा, असं म्हटलं तर त्याला शांतपणे हे सांगा. कोंबड्यांचा ताप वेगळा होता. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, म्हणजे आदिवासी तालुक्यातच, बर्ड फ्लू आला आणि कोंबड्या माराव्या लागल्या. त्याची आणि याची गल्लत करू नका.

1871 च्या कायद्यानं आपल्यातल्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. 1952 ला तो शिक्का सरकारनं पुसला, गावाच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. आता त्याच्या जोडीला आजाराचा शिक्का नको. हापशावर पाणी भरू दिलं नाही, दुकानात उभं केलं नाही, लेकरांना शाळेतून घरी पाठवलं, तर तारीख आणि वेळ लिहून संघटनेला कळवा. पण त्याच वेळी आपणही आजार लपवायचा नाही. शिक्क्याच्या भीतीनं लपवलेला ताप आपल्याच घरातलं माणूस नेतो. आणि आपल्यातलं कुणी आजारी पडलं तर आपणच त्याच्या कोपीकडं पाठ फिरवायची नाही. लांबून भाकरी-पाणी ठेवता येतं.

जमिनीच्या पत्रकात हे कशाला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या साली माझी चुलती टोळीसंगं गेली होती. फडात तिला ताप आला. तो कोणता ताप होता ते माहीत नाही, तेव्हा ही साथ नव्हती. मुकादम म्हणाला, पडून राहिलीस तर खाडा लावीन. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं धरलेले असतात, बाई पडली की नवऱ्याचाही दिवस जातो. ती तीन दिवस तापात ऊस तोडत राहिली, मोळ्या वाहिल्या. चौथ्या दिवशी दम लागला. जवळच्या एका डॉक्टरनं दोन दिवस सलाईन लावलं, घेतलेले पैसे उचलीच्या खात्यावर चढले. मग सरकारी दवाखान्यात नेलं तर न्युमोनिया निघाला. नऊ दिवस खाटेवर होती. वाचली.

पण त्याच आठवड्यात इकडं तिच्या दीड एकर गायरानाचा पंचनामा ठरला. चुलता पंचनाम्यासाठी येणार होता, तो दवाखान्यात तिच्या उशाशी बसला. जमिनीवर उभं राहून, ही आम्ही कसतो, असं सांगायला घरचं कुणी नव्हतं. कागदावर काय लिहिलं गेलं असेल ते तुम्हीच समजा. उचल फिटली नाही म्हणून यंदा दोघं परत चाललेत. जमीन अजून भांडणात आहे.

चुलतीला पहिले दोन दिवस पडू दिलं असतं, तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना दाखवला असता, तर दवाखान्याची वारी कदाचित टळली असती. जमिनीवर माणूस उभा राहिला असता. म्हणून हे जमिनीचंच आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या जीआरनं 14 एप्रिल 1990 पर्यंतचा कब्जा मान्य केला, वनहक्क कायद्यानं 13 डिसेंबर 2005 ची तारीख दिली. या तारखा आपण पाठ केल्या, कारण तारखेवर जमीन ठरते. तशी तापाची तारीखही पाठ ठेवा. ताप कोणत्या दिवशी आला, दोन दिवस कधी पुरे होतात, दम कधी लागला, यावर माणूस वाचतो का जातो ते ठरतं.

टोळी निघायच्या आधी

प्रत्येक वस्तीनं दिवाळीच्या आत एक रात्र बसून हे ठरवावं:

1. टोळीतली एक बाई आणि एक गडी आजारपणाचे जबाबदार नेमायचे. त्यांनी वहीत नाव, तापाचा पहिला दिवस आणि रोजची तब्येत लिहायची. लिहिता येत नसेल तर शाळेत गेलेल्या पोराकडून लिहून घ्यायची.

2. मुकादमाला सगळ्यांनी मिळून, एकट्यानं नाही, आत्ताच सांगायचं: ताप आलेल्या माणसाचा खाडा लागणार नाही, आणि रात्री दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली पाहिजे. उचल देताना तो चार अटी घालतो, आपण या दोन घालू.

3. पडलेल्या माणसाचा ऊस टोळीनं सावड करून तोडायचा. पेरणीला, खुरपणीला आपण सावड करतोच. आज त्याची पाळी, उद्या आपली.

4. कारखान्याच्या जवळचा सरकारी दवाखाना कुठं आहे ते फडावर उतरल्याच्या पहिल्याच दिवशी जाऊन बघून यायचं.

5. गरोदर बाई, तान्हं लेकरू, दमेकरी यांना जमेल तर मागं ठेवावं. मागं ठेवणं जमत नाही हेही आम्हाला कळतं, उचल डोक्यावर असते. मग निदान जाण्याआधी नर्सबाईला दाखवून कार्ड सोबत घ्यावं.

6. सोबत पॅरासिटामॉलच्या गोळ्या, साबणाच्या दोन वड्या, मीठ-साखर. हे मिळून घ्यावं.

मागं राहणाऱ्या वस्तीतही वनहक्क समितीनंच तापाची वही ठेवावी. आठवड्यात एका वस्तीवर चार-पाच घरांत ताप निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवून पोच घ्यावी. गावात ग्राम आरोग्य समिती आहे, तिला खर्चाला पैसे येतात. रात्री आजाऱ्याला नेण्याच्या गाडीला ते वापरता येतात. त्या पैशाचा हिशेब सरपंचाला आणि अंगणवाडी ताईला ग्रामसभेत विचारा. विचारलं नाही तर ते आपल्या वस्तीपर्यंत येणार नाहीत.

संघटना जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुण्याच्या साखर आयुक्तांना निवेदन देणार आहे. टोळ्या निघायच्या आधी वस्त्यांवर तपासणी व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर आणि टॅमिफ्लूचा साठा असावा. प्रत्येक कारखान्यानं फडावर आठवड्यातून एकदा डॉक्टर पाठवावा, कोप्यांजवळ पाण्याची सोय करावी. आजारपणाचा खाडा बंद व्हावा. निवेदनावर सह्या-अंगठे गोळा करायला कार्यकर्ते येतील. ज्याच्या घरात ताप आहे त्यानं दारातूनच सांगावं, कार्यकर्ता नंतर येईल.

घाबरू नका. बहुतेक जण पडून राहून, पाणी पिऊन बरे होणार आहेत. पण पडून राहणं हे आपल्याला कुणी देत नाही, ते टोळीनं एकमेकाला द्यायला लागेल. आणि दम लागला की वाट बघायची नाही, एवढं एक वाक्य प्रत्येक घरात पोचलं तरी या पानाचं काम झालं.

हंगाम करून सगळे धडधाकट परत या. इथं जमिनीचं काम पडलंय.

जय एकलव्य! जय भीम! जिंदाबाद!